दुसरी टीप

१

मशीन धागा का तोडते हे मला कोणी शिकवायला नको. रीळ हलकं असतं, नाहीतर सुई उलटी बसलेली असते. टेन्शन फार आवळलेलं असतं, किंवा बॉबिन कशीतरी भरलेली असते. फार तर शटलला बारीक चरा पडलेला असतो. याच्या पलीकडे कारण नसतं. चिखलीतल्या कितीतरी बायांचे ब्लाउज माझ्या हातून गेले आहेत, आणि जे दुसरीकडे गेले ते बिघडल्यावर माझ्याकडेच आले.

त्यामुळे त्या दिवशी सकाळी मशीनने धागा तोडला तेव्हा मी घाबरले वगैरे नाही. वैतागले. वैतागणं हा माझा स्वभावच आहे, गल्लीत कोणालाही विचारा. रीळ बनवणाऱ्यांचा उद्धार केला, धाग्याचं टोक जिभेने ओलं करून पुन्हा ओवलं आणि पायडल मारलं. दीपमाला टेलर अशी बाहेर पाटी आहे. धागा तुटला म्हणून हातावर हात धरून बसून चालत नाही.

मशीनवर हिरवा ब्लाउज होता, माझ्या प्रेरणाच्या ओटीचा. प्रेरणा एकुलती एक. तिचे बाबा ती शाळेत असतानाच गेले, तेव्हापासून घरात आम्ही दोघी आणि ही मशीन. दोन वर्षांपूर्वी तिला मेहकरच्या पलीकडे बीबी गावाला दिली. आता सातवा महिना लागला होता आणि दुसऱ्या दिवशी तिथे ओटी भरायची होती. ओटीची हिरवी साडी आणि चोळी माहेरची लागते, ती अंगावर घालूनच पोरगी पाटावर बसते. लोकांच्या मुलींचे असे ब्लाउज मी ढिगाने शिवले. माझ्या मुलीचा दुसऱ्या कोणाकडून शिवून घेणार होते होय?

ओटी झाली की पोरीला बाळंतपणाला माहेरी आणायचं, ही आमच्याकडची रीत. पण तिच्या सासूने, सिंधूताईंनी, फोनवर आधीच बजावलं होतं.

"इहीणबाई, बाळंतपण आमी इथंच करू. तुमी दिवसभर मशीनवर, पोरीकडं कोन पाहीन?"

पोरीकडे पाहता यावं म्हणूनच तर जन्मभर मशीनवर बसले, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. "पाहू नं," एवढंच म्हणाले. मुलीची आई झालं की जीभ दातांच्या आत ठेवावी लागते, आणि माझ्यासारखीला त्याचा फार जाच होतो. पण मी ठरवलं होतं. ओटी भरायची आणि पोरगी सोबत घेऊनच परत यायचं. भांडण झालं तर होऊ दे.

२

ब्लाउजच्या बाजूला आम्ही एकच टीप मारत नाही. पहिली टीप मापाची. तिच्या बाहेर थोडी जागा सोडून दुसरी, सैल. कापड पुरलं तर तिसरी, आणखी सैल. बाई अंगाने भरली की आतली टीप उसवायची, ब्लाउज पुन्हा अंगात येतो. पोटुशी बाईला तर हे लागतंच. पहिली टीप आजची, दुसरी नवव्या महिन्याची, तिसरी बाळ अंगावर पीत असतं तेव्हाची.

पहिली टीप सरळ गेली. दुसरीवर धागा तुटला. ओवला, पुन्हा तुटला. सुई बदलली. बॉबिन काढून फुंकर मारली, शटलमधला कचरा ब्रशने झाडला, तेल सोडलं. तुटण्याची जागा दर वेळी वेगळी, कधी काखेजवळ, कधी कमरेकडे. पण टीप दुसरीच. आणि तुटताना टक असा आवाज यायचा. धागा तुटल्याचा एवढा आवाज होत नसतो. कोणीतरी पाठीमागे बसून बोटं मोडावीत तसा तो होता, आणि एकदा मी मागे वळूनही पाहिलं.

मागे आतल्या खोलीचा पडदा होता. त्याच्या आड प्रेरणाची खाट, तिची शाळेची पेटी, फॉल लावून झालेल्या साड्यांचे गठ्ठे. खिडकीतून डिसेंबरचं ऊन थेट खाटेवर पडलं होतं. सगळं जिथल्या तिथे होतं.

मग मी हिरवा ब्लाउज बाजूला ठेवला आणि एका गिऱ्हाइकाचा घेतला. त्याला तिन्ही टिपा मारल्या. धागा तोच, सुई तीच, मशीनने हूं का चूं केलं नाही. पुन्हा हिरवा घेतला, पहिल्या टिपेवरून परत एकदा गेले, काही झालं नाही. बोटभर बाहेर सरकले.

टक.

जरीची तार आत येत असेल, मी स्वतःला म्हटलं. कापड उजेडात धरून पाहिलं, बोटाने चाचपलं. तार नव्हती. मग हाताने शिवायला घेतलं. हातशिलाईत कसलं टेन्शन आणि कसलं शटल. पाच-सहा टाके घातले, खेचून पाहिले, आणि धागा गाठीसकट माझ्या हातात आला. गाठ मारली होती, मला पक्कं आठवतं. दुसऱ्यांदा दुहेरी मारली. तीही निघाली.

३

कारभारीला बोलावलं. तो चिखलीतल्या सगळ्या मशीन दुरुस्त करतो आणि दुरुस्त करताना तोंडही चालू ठेवतो.

"काय ताई, मशीन म्हातारी झाली का मालकीन?"

"तू आधी हात चालव, मग तोंड."

त्याने मशीन आडवी केली, सुईचा दांडा पाहिला, शटल काढून नखाने चाचपलं, टायमिंग तपासलं. चिंधीवर चालवली, जाड कापडावर चालवली, माझ्या पदराचं टोक धरून म्हणाला, हेबी शिवून देऊ का. मी डोळे वटारले. मशीनला काहीच झालेलं नाही असं त्याचं म्हणणं. मी हिरवा ब्लाउज पुढे केला.

दुसऱ्या टिपेवर धागा तुटला. तो हसला. स्वतःच्या पेटीतलं रीळ लावलं. तुटला. सुई जाड घातली. तुटला. मग त्याचं हसणं थांबलं. त्याने ब्लाउज उलटा केला, खालून वर टीप मारायला घेतली, आणि या वेळी तो पायडल इतकं हळू मारत होता की सुई वर जाताना दिसत होती. मी जवळ उभी राहून पाहत होते. धागा नुसता तुटला नाही. आधी तो सुईच्या भोकात ताठ झाला, पलीकडून कोणी हळूच ओढून धरावा तसा, आणि मग टक.

कारभारीनेही ते पाहिलं. पाय उचलून घेतला.

"कोनाचा हाय हा?"

"प्रेरणाचा. उद्या ओटी आहे."

त्याने हत्यारं पेटीत भरायला सुरुवात केली. एरवी चहा घेतल्याशिवाय हलत नाही, चहात साखर कमी म्हणून वर कुरकुरतो.

"एकाच टिपेवर देऊन टाका ताई. टीप पक्की बसली हाय."

"अन् नववा महिना लागल्यावर?"

"तवाचं तवा पाहू," तो म्हणाला. हे बोलताना तो माझ्याकडे नाही, दाराकडे पाहत होता. मला त्याचा इतका राग आला की मी त्याला थांबही म्हटलं नाही.

४

तो गेल्यावर मी मापाचा ब्लाउज काढला. बाया माप घ्यायला स्वतः येत नाहीत, अंगाला बसणारा जुना ब्लाउज पाठवतात, त्यावरून नवा कापायचा. प्रेरणाचा ब्लाउज जावई, गोकुळ, घेऊन आला होता. तो बाजार समितीत सोयाबीन घेऊन आला तेव्हा पिशवी दारातच ठेवून गेला. "गाडी उभी हाय," म्हणाला, आत आला नाही.

कापताना मला माप थोडं आत वाटलं होतं. धुऊन धुऊन आटलं असेल, असं म्हणून मी सोडून दिलं होतं. आता तो ब्लाउज उलटा केला. मीच शिवलेला, तिच्या लग्नातला. माझ्या तिन्ही टिपा जागेवर होत्या, एकही उसवलेली नव्हती. उलट सगळ्यात आत आणखी एक टीप होती, हाताने घातलेली, वाकडीतिकडी. लग्नात जे माप होतं त्याच्याही आत.

सातव्या महिन्यात कोणाचं माप आत जातं?

नेहमीप्रमाणे मी कारणं शोधली. उलट्या होत असतील. काही पोरी वाळतातच पहिल्या खेपेला. पोट पुढे येतं, अंग वाळतं, मीही कुठे जाड झाले होते? ही कारणं एकेकटी खरी होती. पण मला त्या घरातला स्वयंपाक माहीत आहे. सगळ्यांचं झाल्यावर सुनेने बसायचं, आणि भाजी संपली असली तर चटणी आहेच. मी फोन लावला.

"आई," प्रेरणा म्हणाली. आवाज नेहमीचाच होता, फक्त खूप आतून आल्यासारखा.

"प्रेरणा, तू बारीक झाली काय गं?"

"नाही नं. बरी हाय मी."

"ब्लाउजले आतून टीप कोनं घातली?"

"म्याच घातली. सैल होऊन राह्यला होता."

"सातव्या महिन्यात सैल? जेवून राह्यली नं तू? खरं सांग."

फोनमधून मला मशीनचा आवाज ऐकू येत होता. पायडलची लय, मधेच थांबणं, पुन्हा सुरू होणं. बीबीच्या घरात मशीन नाही. लग्नात मी द्यायला निघाले होते तेव्हा सिंधूताई म्हणाल्या होत्या, आमच्या घरच्या बाया टेलरकाम करत नाहीत.

"शेजारी कोणी शिवून राह्यलं काय गं?"

"नाही," प्रेरणा म्हणाली. "आई, तू एकच टीप मार. बाकीच्या नोको मारू."

टिपांचं मी तिला काहीही सांगितलं नव्हतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात फोनमध्ये टक असा आवाज आला, आणि पुढे सिंधूताई बोलत होत्या.

"इहीणबाई, पोट्टीले आराम करू द्या. उद्या येऊनच राह्यल्या नं तुमी? मंग उद्या बोला."

५

तेव्हा दुपार होती. स्टँडवर मेहकरची गाडी मिळाली असती, मेहकरहून बीबीला जीप कधीही मिळते. दिवे लागायच्या आत मी तिच्या दारात असते. मी चपला घातल्याही होत्या.

शेजारच्या तानुबाई तेवढ्यात फॉल लावायला साडी घेऊन आल्या. मी त्यांना सांगितलं, जाते म्हणून.

"आज?" त्या म्हणाल्या. "उद्या ओटी अन् तू आज जातं? रिकाम्या हातानं? चोळी शिवून झाली का?"

"नाही झाली."

"मंग? सातव्या महिन्यात मायनं रिकाम्या हातानं पोरीच्या दारात जाऊ नये बाई. अन् थ्या लोकायले बोलाले कारनच पायजे. एवढ्यात काय बिघडते? एक रात तं हाय."

मला चपला काढून ठेवायला नको होत्या. हे मी आज म्हणते. त्या वेळी मला वाटलं, खरंच, चोळी नाही, नारळ नाही, गेले तर त्या बाईच्या हातात आयतं कोलीत मिळेल. मग ओटीच्या दिवशी सगळ्यांसमोर मला बोलणार, आणि पोरगी काही पाठवणार नाही. असा शहाण्यासारखा विचार करून मी मशीनवर बसले. चोळी पूर्ण करून, रीतीप्रमाणे जाऊन, मानाने मुलगी आणायची होती मला.

दुसऱ्या टिपेचा नाद मी सोडला. मापाची टीप होती तीच ठेवली, बाहेरचं कापड दुमडून टाकलं, हुक लावले, गळ्याला पायपिंग केलं. मशीन इतकी गोड चालली की मी एकदाही थांबले नाही. एवढं सुरेख फिनिशिंग माझ्या हातून कधीच झालं नव्हतं. ब्लाउज इस्त्री करून घडी घातला तेव्हा मला रडू येत होतं, आणि का येतंय ते कळत नव्हतं म्हणून स्वतःचाच संताप येत होता.

६

बीबीचं घर नवं आहे, स्लॅबचं, पुढच्या खोलीत चकचकीत फरशी. मी पोचले तेव्हा बाया जमल्या होत्या. पाट मांडला होता, भोवती रांगोळी होती. प्रेरणा आतल्या खोलीत तयार होत होती.

"मी घालून देते चोळी," मी म्हणाले.

"तिची ती घालीन," सिंधूताई म्हणाल्या आणि दारात आडव्या उभ्या राहिल्या. दार थोडं उघडलं, हिरव्या बांगड्यांचा हात बाहेर आला, पिशवी घेऊन आत गेला. आत बोलण्याचा, कपड्यांचा, बांगड्यांचा कसलाच आवाज आला नाही. मी दाराजवळच उभी होते.

मग ती बाहेर आली, आणि मला माझीच लाज वाटली. प्रेरणाचा चेहरा भरलेला होता. रंग उजळला होता, पोट नीट दिसत होतं, हिरवी साडी तिला फार शोभत होती. बाया म्हणाल्या, काय रूप आलं बाई पोरीले. ब्लाउज तर असा बसला होता की कुठे एक चुणी नाही. माझ्या पोरीबद्दल मी काय काय कल्पून बसले होते! मला इतकं हलकं वाटलं की मी सिंधूताईंकडे पाहूनसुद्धा हसले.

ओटी भरायला मी तिच्यासमोर बसले. बायांनी गाणं धरलं. मी तिच्या ओटीत तांदूळ घातले, नारळ ठेवला, आणि सवयीने माझी नजर बाजूच्या टिपेवर गेली. आपण शिवलेला कपडा कोणाच्या अंगावर दिसला की मी आधी तेच बघते. एकच टीप, मापाला मारलेली, जरासुद्धा ढील नाही. असा ब्लाउज घातला की श्वास घेताना बाजूला ताण येतो, काखेखाली कापड ओढलं जातं, श्वास सोडला की सैल पडतं. बारीकच असतं ते, पण मला दिसतं.

टीप ओढली जात नव्हती.

मी वाट पाहिली. हळू घेत असेल श्वास. बायांचं गाणं चालूच होतं. मी स्वतःचा श्वास धरून ठेवला, म्हणजे तिचा कळेल. छाती भरून आली, कानात घुमायला लागलं, शेवटी मला राहवलं नाही आणि मी तोंड उघडून हवा घेतली. टीप तशीच होती, मी इस्त्री केली होती तशी. प्रेरणा माझ्याकडे पाहून हसत होती. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, माझीच पोरगी हसत होती.

"काय झालं आई?"

"काही नाही," मी म्हणाले. मग मोठ्याने म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "मी पोरीला घेऊन चालले. आजच."

गाणं थांबलं. आता होऊ दे जे व्हायचं ते, म्हणून मी सिंधूताईंकडे वळले. वाटेत जीपमध्ये मी त्यांच्यासाठी कितीतरी जोरदार वाक्यं तयार करून ठेवली होती.

"न्या," सिंधूताई म्हणाल्या. "न्या बाई. तुमचीच हाय."

त्या माझ्याकडे पाहतच नव्हत्या. दाराशी प्रेरणाची बॅग भरून ठेवलेली होती, चेन लावून. मी आले तेव्हापासून ती तिथेच असावी. गोकुळ बाहेर उन्हात उभा होता. आम्ही निघालो तेव्हा तो बाजूला सरला, तिच्याशी बोलला नाही, आणि जीप वळेपर्यंत घरातही गेला नाही. भांडायच्या तयारीने गेलेली मी, न भांडता सगळं मिळालं. त्या घरातून आजवर फुकट काही मिळालेलं नव्हतं.

जीपमध्ये मी तिचा हात हातात धरून बसले. मला विचारायचं होतं, कधी झालं, कोणी काय केलं, तुला जेवायला देत होते का. मी विचारलं नाही. तिने उत्तर दिलं असतं तर मी काय केलं असतं?

७

आता उन्हाळा लागला आहे. प्रेरणा आतल्या खोलीत असते, पडद्याच्या आड, तिच्या खाटेवर. बोलते, हसते. हिरवा ब्लाउज काढत नाही. काढ म्हटलं तर म्हणते, बसतो नं नीट, राहू दे. मी आता बळजबरी करत नाही. ताट ठेवते, ती म्हणते जेवले, आणि मी ताटाकडे न पाहता ते उचलते.

दिवस भरून गेले. पोट जेवढं होतं तेवढंच आहे. तानुबाई विचारतात, मोकळी झाली का पोरगी? मी म्हणते, अजून वेळ आहे. त्या बोटांवर मोजायला लागतात आणि मग माझा चेहरा पाहून थांबतात. पूर्वी त्या दिवसातून तीनदा यायच्या. आता फॉलच्या साड्या दुसरीकडे देतात म्हणे. गिऱ्हाइकंही उंबऱ्याबाहेरूनच कपडे देतात, आत अंधार आहे म्हणतात. खिडकी तर उघडी असते.

सिंधूताईंचा एकदाही फोन आला नाही. त्या बाईला मी रोज तळतळाट देते. पण खरं सांगू, मला त्यांचा फोन नकोच आहे. त्या काय सांगतील ते मला ऐकायचं नाही.

प्रेरणाला डॉक्टरकडे नेत नाही. नेलं तर तो तिच्या छातीला नळी लावेल आणि मान वर करून माझ्याकडे पाहील. मग मला लोकांदेखत तिला सोडावं लागेल. ते माझ्याने व्हायचं नाही. त्या दुपारी चपला पायात असून मी घरात थांबले, आता काही झालं तरी तिला एकटी सोडायची नाही, एवढंच माझ्या हातात उरलं आहे. मला माझी मुलगी घरी हवी होती आणि ती घरी आहे.

"आई," ती आतून हाक मारते, दिवसातून कितीतरी वेळा. "आई, ये नं."

"आले गं," मी म्हणते, आणि पडद्याबाहेर थोडी थांबून, श्वास भरून घेऊन, आत जाते.